सही करण्याआधी

पांडुरंगा, माझ्या सहीला खरेपणा दे.

मी कुठं बसते ते तुला ठाऊक आहे. न्यू जर्सीतलं छोटं ऑफिस, एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. इथं येणाऱ्यांचं पोट स्टिअरिंगवर असतं. कुणी अठरा चाकी ट्रेलर चालवतो, कुणी शाळेची बस, कुणी पेट्रोलचा टँकर, कुणी नेवार्कच्या बंदरातून कंटेनर ओढतो. कुणाच्या लघवीच्या तपासणीत अंमली पदार्थ निघालेला असतो, कुणाच्या श्वासाच्या तपासणीत दारूचं प्रमाण ०.०४ किंवा त्याच्या वर गेलेलं असतं. कुणी तपासणी न देताच केंद्रातून निघून गेलेला असतो. नियमाच्या लेखी तोही तेवढाच दोषी. अमेरिकेच्या परिवहन खात्याचा नियम अशा चालकाला त्याच घटकेला गाडीवरून खाली उतरवतो, आणि परत वर चढायची वाट माझ्यासारखीच्या टेबलावरून जाते. इथं आम्हाला सॅप म्हणतात, म्हणजे सबस्टन्स अब्यूज प्रोफेशनल. मी मुळात समुपदेशनाचं काम करणारी सोशल वर्कर, त्यावर या कामाचं वेगळं शिक्षण आणि वेगळी परीक्षा. माझा अहवाल गेल्याशिवाय चालकाला पुढची तपासणी देता येत नाही, आणि ती निगेटिव्ह आल्याशिवाय या देशातला कुठलाही मालक त्याच्या हातात किल्ली देऊ शकत नाही. दुसऱ्या सॅपकडे जाऊन वेगळं मत आणायची त्याला मुभा नाही. मी लिहिलेलं मालकाला बदलता येत नाही. एवढा अधिकार एका माणसाकडे असावा का, हा वाद मी तुझ्याशी घालणार नाही. माझ्याकडे आला आहे तो नीट वापरायची बुद्धी दे.

नियमानं मला बजावून ठेवलं आहे, की मी चालकाची वकील नाही आणि मालकाचीही नाही. रस्त्यावरच्या लोकांचा जीव राखणं हे माझं काम. हे लोक माझ्यासमोर कधीच येत नाहीत, देवा. खुर्चीतला माणूस रडतो, त्याच्या हातांची थरथर मला दिसते, मुलीची कॉलेजची फी कधी भरायची आहे ते तो तारखेसकट सांगतो. टर्नपाइक महामार्गावर त्याच्या पुढच्या गाडीत पहाटेच्या पाळीला निघालेली नर्स माझ्याकडे काही मागायला येत नाही. भरलेला ट्रेलर ८०,००० पौंडांपर्यंत असू शकतो, म्हणजे जवळजवळ ३६ टन. तो वेळेत थांबला नाही तर तिला ओरडायलाही सवड मिळणार नाही. म्हणून विठ्ठला, जे मला दिसत नाहीत त्यांना माझ्या डोळ्यांपुढे आणून बसव. तुझी माणसंही रस्त्यानंच चालत येतात. आषाढात दिंड्या निघाल्या की वाटेत कुठं ना कुठं शेजारून मालाचे ट्रक जातच असतात. डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी मागं वळून बघत नाही. चालवणारा शुद्धीत असणार, हे तिनं धरलेलं असतं. इथल्या त्या नर्सनंही तेच धरलेलं असतं. तो विश्वास वाया जाणार नाही एवढं माझ्याकडून करवून घे.

जे आधीच गेले त्यांच्यासाठी हात जोडते. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँडमधल्या चेसजवळ कॉनरेल या रेल्वे कंपनीची इंजिनं थांबण्याचा सिग्नल ओलांडून पुढं आली, आणि बॉस्टनकडे निघालेली ॲमट्रॅकची भरधाव प्रवासी गाडी त्यांच्यावर आदळली. १६ माणसं मेली. त्या इंजिनांवरच्या दोघांनी गांजा ओढला होता. मग २८ ऑगस्ट १९९१, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. न्यूयॉर्कमध्ये युनियन स्क्वेअर स्टेशनापाशी भुयारी रेल्वे रुळांवरून घसरली. मोटरमन दारू प्यायलेला होता, ५ जण गेले. बरोबर दोन महिन्यांनी, २८ ऑक्टोबर १९९१ ला, चालकांच्या तपासणीच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. मी बसते ती खुर्ची त्या कायद्याची आहे. त्या एकवीस जणांना मी ओळखत नाही, पण माझं काम त्यांचं देणं लागतं. त्यांना तुझ्यापाशी जागा दे, आणि मागं राहिलेल्यांची रात्र थोडी हलकी कर.

आता समोरच्या माणसासाठी मागते.

तो आत येतो तेव्हा त्याच्याजवळ एक गोष्ट तयार असते. खसखशीचा पाव खाल्ला होता. सांधे दुखतात म्हणून बायकोनं हेंपचं तेल लावलं. मित्र ओढत होते, मी नुसता गाडीत बसलो होतो. डिस्पॅचर झोपू देत नव्हता, डोकं फिरलं होतं. नियम सांगतो की यातलं काहीही मी हिशेबात धरायचं नाही. तपासणी चुकली का, हे ठरवणारा डॉक्टर वेगळा आहे. नमुन्याचा दुसरा भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून मागायला चालकाला ७२ तास मिळतात. ती वाट त्याच्यासाठी आहे आणि ती माझ्या दारातून जात नाही. हे मला पटतं. पण हिशेबात धरायचं नाही म्हणजे ऐकायचंच नाही असं नव्हे, हे मला रोज आठवण करून दे. ते सांगताना त्याचा जीव कुठं अडकतो, कुणाचं नाव आलं की आवाज पडतो, किती वाजताची गोष्ट आली की तो घाईनं पुढं सरकतो, ते माझ्या कानांना कळू दे. तू विटेवर उभा राहून वाट पाहणारा देव आहेस. एका प्रश्नानंतर दुसरा न विचारता गप्प बसायचं बळ मला दे.

माझ्याकडे पंजाबी चालक बरेच येतात. इथल्या ट्रकधंद्यात त्यांची मोठी वस्ती आहे. माझं नाव वाचून, हिंदी ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर आधी हायसं दिसतं आणि मागोमाग लाज. आपल्याकडच्या बाईसमोर हे सगळं उघडं करायचं! "मॅडमजी, घरपे किसी को पता नहीं," असं कुणी म्हणतो आणि खाली बघतो. देवा, त्या भाषेमुळे त्याला धीर येऊ दे, पण माझ्या निर्णयात ती ढिलाई होऊन शिरू देऊ नको. मेक्सिकोहून आलेल्या माणसाला मी जे विचारते तेच यालाही विचारू दे, आणि याला जेवढा वेळ देते तेवढाच त्यालाही देऊ दे.

गांजाच्या बाबतीत मला तुझा आधार जास्त लागतो. न्यू जर्सीत २१ एप्रिल २०२२ पासून प्रौढांसाठी गांजाची दुकानं उघडली. रांगा लागल्या, टीव्हीवर दाखवलं, पोलीस कुणाला अडवत नाहीत. माणूस सुट्टीच्या दिवशी दुकानातून पावती घेऊन बाहेर पडतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याची नोकरी जाते, कारण व्यावसायिक चालकाला केंद्र सरकारचा नियम लागू आहे आणि त्या नियमात राज्याच्या परवानगीला किंमत नाही. तो रागानं विचारतो, "मी नशेत गाडी चालवली होती का?" याचं प्रामाणिक उत्तर असं, की त्या तपासणीतून ते कळत नाही. लघवीत जे सापडतं ते शरीरात दिवसेंदिवस, नेहमी ओढणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडे मागं राहिलेलं असतं. दारूचा श्वासावर जसा मोजता येणारा आकडा आहे तसा गांजाला अजून मिळालेला नाही. तरीही मी नियमाच्या बाजूनं उभी राहते. जोवर मोजमाप नाही तोवर ३६ टनांच्या गाडीसाठी संशयाचा फायदा रस्त्यावरच्या माणसाला मिळाला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. पण समोरच्याला हे सांगताना माझ्या आवाजात शिक्षिकेचा सूर येऊ देऊ नको. त्याचा राग खोटा नाही. त्या रागाला बसायला जागा द्यायची आणि तरी नियम हलू द्यायचा नाही, हे एकाच वेळी जमण्याइतकं माझं मन रुंद कर.

आणि माप दे, मायबापा. 'तुला काही नको, जा,' असं मी कुणालाच म्हणू शकत नाही. प्रत्येकाला काहीतरी सांगावंच लागतं. एखाद्याला काही तासांचा शिक्षणवर्ग पुरतो, एखाद्याला आठवड्यातून तीन संध्याकाळी उपचार, एखाद्याला थेट भरती व्हावं लागतं. माझ्या स्वतःच्या उपचारकेंद्रात पाठवायला मला बंदी आहे आणि ती योग्य आहे, कारण पैसा मत बिघडवतो. पण बिघडवणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. एखाद्याची कीव येते तेव्हा हात आखडतो. उद्या याच्याकडून काही झालं तर माझं नाव येईल, असं मनात आलं की हात सैल सुटतो आणि गरजेपेक्षा दुप्पट लिहावंसं वाटतं. दोन्ही वेळा मी त्या माणसाकडे पाहत नसते. माझ्यातलं भय आणि माझी दया दोघांनाही टेबलाच्या बाजूला बसव. त्याला जेवढं लागतं तेवढंच लिहू दे, आणि जेवढं लागतं तेवढं पूर्ण लिहू दे.

फीचंही बोलते, कारण तुझ्यापुढं पैशाचं बोलायला लाज वाटू नये. हे सगळं कुणी भरायचं ते नियमानं ठरवलेलं नाही. मालकावर सक्ती नाही. बहुतेक वेळा चालकच स्वतःच्या खिशातून भरतो, आणि तेही पगार थांबलेला असताना. माझं घर त्या फीवर चालतं. तिची मला सवय होऊ देऊ नको. त्यानं मोजलेल्या प्रत्येक डॉलरमागं घरात काय कमी आलं असेल, याचं भान मला राहू दे.

उपचाराला गेलेल्यांना सांभाळ. चर्चच्या तळघरातल्या व्यसनमुक्तीच्या बैठकीत पहिल्यांदा स्वतःचं नाव उच्चारणाऱ्याची जीभ अडखळते तेव्हा त्याच्या शेजारी बस. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. आमच्या पिढीला तिथूनच कळलं, की व्यसन हा आजार आहे आणि आजाऱ्याला घरातलं माणूस मानून बरं करायचं असतं. ती समज घेऊन मी या देशात आले. ती माझ्यातून पुसू देऊ नको, फायलींच्या ढिगातही नाही.

दुसऱ्या भेटीसाठी सगळ्यात जास्त मागते. तो उपचार संपवून परत येतो, उपचारकेंद्राचं प्रमाणपत्र टेबलावर ठेवतो, दाढी केलेली असते, शर्टाला इस्त्री असते. प्रमाणपत्रावरून हजेरी कळते. मला त्याहून थोडं जास्त कळायला हवं. ट्रकवाल्याचा खरा धोका मी त्यांच्याकडूनच शिकले. अकरा तास गाडी चालवली की कायद्यानं पुढची पाळी सुरू करण्याआधी सलग दहा तास सुट्टी घ्यावी लागते. ट्रकस्टॉपवर इंजिन बंद होतं. घर आठशे मैल लांब, मुलं झोपलेली, फोनवर बोलायला कुणी नाही. इंजिन बंद झाल्यानंतरचा पहिला तास, तो तास माणसाला खातो. किंवा गोदामाबाहेर माल उतरायची वाट बघत घालवलेली दुपार, जिचे पैसेही धड मिळत नाहीत. परत आलेल्या माणसाला मी विचारते, त्या तासात आता काय करणार? ज्याला आपला तास ठाऊक आहे आणि त्या तासासाठी ज्याच्याकडे एक फोन नंबर आहे, त्याच्या कागदावर सही करताना माझं मन शांत असतं. "अब कुछ नहीं होगा, मॅडम," एवढंच म्हणणाऱ्यासाठी माझं मन शांत नसतं. विठ्ठला, अशा वेळी थांबायचं धैर्य दे. अजून काही आठवडे, अजून थोडे उपचार, असं सांगताना त्याचा चेहरा उतरतो तो मला बघवू दे. आणि जो खरोखर तयार आहे त्याला माझ्या सुस्तीमुळे एक दिवसही जास्त घरी बसू देऊ नको.

माझी सही झाली की तो पुन्हा तपासणीला जातो, आणि तिथं मी त्याच्याबरोबर नसते. अंमली पदार्थांची असेल तर ही तपासणी नजरेखाली होते, देवा. शर्ट वर करायचा, पँट खाली करायची, गोल फिरून दाखवायचं, आणि मग दुसरा पुरुष बघत असताना भांडं भरायचं. नमुने बदलले जात होते, म्हणून हा नियम आला. त्याचं कारण मला मान्य आहे. पण दोन मुलांचा बाप, पन्नाशीचा माणूस, तसा उभा राहतो तेव्हा तू त्याची लाज झाक. द्रौपदीसाठी तू धावलास ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकली आहे. याला वस्त्र नको, मान खाली जाऊ नये एवढं बघ. बघणाऱ्या त्या कर्मचाऱ्यालाही आशीर्वाद दे. दिवसभर हेच काम करणाऱ्याच्या नजरेत तुच्छता येऊ नये, यासाठीही कुणीतरी प्रार्थना करायला हवी. मी करते.

मग पुढच्या तपासण्या. पहिल्या बारा महिन्यांत कमीत कमी सहा, न सांगता. आणि हवं तर एकूण साठ महिन्यांपर्यंत. किती, हे मी ठरवते. तो आकडा मालकाला कळतो, चालकाला कळत नाही. फोन आला की लगेच निघायचं. ज्याच्यावर मी हे पाच वर्षांचं अनिश्चितपण घालते, त्याच्यावर सूड म्हणून घालू देऊ नको. जेव्हा तो बोलावला जाईल तेव्हा त्याच्याकडे लपवायला काही नसू दे, आणि काही असेलच तर ते रस्त्यावर कळण्याआधी त्या तपासणी केंद्रातच कळू दे. जो पुन्हा घसरेल त्याला तिथंच सोडू नको. त्याला परत कुणाच्या तरी खुर्चीत आणून बसव. माझ्याच असं नाही.

६ जानेवारी २०२० पासून हे सगळं केंद्र सरकारच्या नोंदवहीत चढतं. क्लिअरिंगहाऊस म्हणतात तिला. त्याआधी एका कंपनीत सापडलेला माणूस दुसऱ्या कंपनीत काही न सांगता रुजू होऊ शकायचा, आणि कुणालाच पत्ता लागायचा नाही. ती फट बुजली, हे चांगलं झालं. १८ नोव्हेंबर २०२४ पासून तर ज्याची वाट पूर्ण झालेली नाही त्याचा व्यावसायिक परवानाच राज्य काढून घेतं. नोंद पाच वर्षं राहते, आणि पाठपुराव्याच्या तपासण्या तोवर संपल्या नसतील तर त्याहूनही जास्त. नोकरी देण्याआधी प्रत्येक मालकाला ती उघडून बघावीच लागते.

आणि इथं माझा अधिकार संपतो, पांडुरंगा. माझ्या अहवालाचा निष्कर्ष एवढाच असतो, की यानं सांगितलेलं सगळं पूर्ण केलं. त्याला कामावर घ्या, असं मी लिहू शकत नाही, आणि मालकावर घेण्याचं बंधन नाही. उपचार पूर्ण, तपासणी निगेटिव्ह, परवाना परत हातात. आणि तरी माणूस महिनोन् महिने अर्ज भरत राहतो. विम्याचं कारण सांगतात. तपासण्यांचा ताप नको म्हणतात. काही कंपन्या तर नोंद दिसली की फोनच उचलत नाहीत. सचोटीनं परत आलेला माणूस असा दारात कुजला, तर पुढच्यानं सचोटीनं का यावं? नियमाचा मान राखून मी हे बोलते, पण बोलते. रस्त्याची सुरक्षा फक्त वाईट चालकाला उतरवून पुरी होत नाही. बऱ्या झालेल्याला चढू दिलं नाही तर तो कधीतरी उपाशीपोटी, कुणाच्या तरी नोंद नसलेल्या गाडीवर बसेल, आणि मग ना तपासणी, ना पाठपुरावा, ना माझी खुर्ची.

तेव्हा आता जे माझ्या हातात नाही ते तुझ्या हातात देते. ओहायोत, पेनसिल्व्हेनियात, कुठंही, पाच-सात ट्रक असलेला एखादा मालक शोध. रात्री हिशेबाला बसलेला असताना त्या अर्जावर त्याची नजर थांबव. नोंद बघूनही त्याला पान उलटू देऊ नको. वर्षाच्या सहा तपासण्यांचा खर्च त्याला परवडू दे, विमा कंपनीशी दोन वेळा भांडायची चिकाटी त्याला दे. आणि सोमवारी सकाळी, नऊच्या आत, त्या चालकाला फोन करायची बुद्धी त्याला दे.